नोकरी मिळाली, पण काम कोणते?



आपल्या घरातले पोर नोकरीला लागले की सगळ्या वस्तीत पेढे वाटले जातात. येणारे-जाणारे तीनच गोष्टी विचारतात : कुठे लागला, पगार किती, आणि कायम की कंत्राटी? प्रश्न रास्त आहेत. पण चौथा एक प्रश्न आहे, तो आपण सहसा विचारत नाही आणि त्या पोरालाही तो विचारायचे सुचत नाही. त्या नोकरीत त्याला काम कोणते दिले? एकाच छपराखाली, एकाच हजेरीपटावर दोघांची नावे. एकाच्या हाती वही येते आणि दुसऱ्याच्या हाती झाडू. ही वाटणी कोणी केली आणि कशावरून केली, याचा विचार आजच्या पाठात करावयाचा आहे.

गावात ही वाटणी उघड होती. येसकराने निरोप न्यायचा, मेलेले जनावर ओढायचे, सरपण फोडायचे, आणि त्याच्या बदल्यात बलुते मागायचे. आपल्या मराठवाड्यात सालगडी म्हणून पाडव्याला साल धरणाऱ्या बापाला मालकाचे अख्खे शेत नांगरायला चालत असे, पण त्याच मालकाच्या घरातल्या माठाला हात लावायला चालत नसे. म्हणून आपल्या माणसांना वाटले, शहरात जाऊ, गिरणीत जाऊ. यंत्राला काय जात कळते? यंत्राला कळत नाही हे खरेच आहे. पण यंत्रावर माणूस कोणता उभा करायचा हे यंत्र ठरवत नाही.

मुंबईच्या कापडगिरण्यांची गोष्ट प्रत्येक बौद्ध घरात माहीत असायला हवी. गिरणीत कताईचे खाते असे आणि विणाईचे असे. विणाईला कामगार साळखाते म्हणत. साळखात्यातली मजुरी चांगली होती, कताईतली कमी. अस्पृश्य कामगार कताईत हजारोंनी होते, पण साळखात्याचे दार त्यांना बंद होते. कारण काय? धोट्यातली कांडी संपली की विणकराला नवी कांडी बसवून धाग्याचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. ज्या धाग्याला अस्पृश्याचे तोंड लागले त्याला आपले तोंड कसे लावायचे, हा तिथल्या मराठा व मुसलमान विणकरांचा आक्षेप होता. म्हणजे विलायतेहून आणलेला माग, वाफेवर व पुढे विजेवर चालणारी गिरणी, आणि त्या सगळ्या यंत्रसामग्रीच्या मधोमध बोटभर धाग्यावर बसलेला विटाळ! बरे, विटाळ धाग्याचा, पण तोटा कोणाला? दर पगाराला आपल्याच माणसाला.

१९२८ साली मुंबईत गिरणी कामगारांचा मोठा संप झाला. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगार बाहेर होते. संपाच्या मागण्यांची यादी तयार होत असताना बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना सांगितले की अस्पृश्यांना सर्व खात्यांत काम करण्याचा हक्क मिळावा ही मागणीही त्यात आली पाहिजे, नाहीतर आमचे लोक तुमच्या संपात कशासाठी उपाशी राहतील? पुढाऱ्यांनी नाइलाजाने का होईना, ती मागणी मालकांपुढे मांडली. त्यावर मालकांनी काय म्हणावे? हा अन्याय असलाच, तर त्याची जबाबदारी आमच्यावर नाही.

हे उत्तर नीट ध्यानात ठेवा, कारण ते आजही ऐकू येते. मालक म्हणतो ही कामगारांची रीत, कामगार म्हणतो ही मालकाची व्यवस्था. साहेब म्हणतो मी जातपात मानत नाही पण स्टाफला चालणार नाही, आणि स्टाफ म्हणतो आम्हाला काही नाही पण साहेबांचे तसे आहे. अन्याय सगळ्यांच्या देखत होतो आणि करणारा मात्र कोणीच सापडत नाही.

त्यानंतर दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद मनमाडला भरली. नांदेडहून मुंबईला जाणारी गाडी आजही मनमाडवरूनच जाते, तेव्हा ते स्टेशन आपल्याला परके नाही. ब्राह्मणशाही व भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत असे बाबासाहेबांनी सांगितले ते ह्याच परिषदेत. हे वाक्य पुष्कळांना पाठ असते. त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतील कामांचा जो हिशेब मांडला, तो मात्र फारसा कोणी सांगत नाही. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच म्हातारा होतो. त्याला साधा पोर्टरही करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात, आणि मास्तरच्या घरात त्याचा हात कसा चालेल? कारखान्यातल्या चांगल्या जागाही अशाच बंद. नोकरी रेल्वेची, पगार रेल्वेचा, पण बढतीचा रस्ता मास्तरच्या स्वयंपाकघरापाशी अडलेला.

इथे अमेरिकेतल्या काळ्या लोकांची आठवण येते. तिथेही रेल्वेच होती. पुलमन कंपनीच्या झोपण्याच्या डब्यांत प्रवाशांची सेवा करायला पोर्टर म्हणून काळी माणसेच घेत. अंथरूण घालणे, बूट पुसणे, सामान उचलणे ही त्यांची कामे. प्रवासी त्यांना मालकाच्या नावावरून सरसकट ‘जॉर्ज’ अशी हाक मारत, माणसाचे खरे नाव काय याची चौकशीच नाही. पोर्टर कितीही हुशार असला तरी त्याला कंडक्टर करत नसत. ए. फिलिप रँडॉल्फ यांनी १९२५ मध्ये ह्या पोर्टरांची संघटना उभारली आणि बारा वर्षे झगडून १९३७ मध्ये कंपनीला करारावर सही करायला लावली.

दोन्हींत साम्य आहे, पण एक फरकही आहे. अमेरिकेतला गोरा माणूस काळ्याच्या हातचे खात होता, आपली मुले काळ्या दाईच्या कडेवर देत होता. त्याला काळा माणूस नोकर म्हणून जवळ चालत होता, बरोबरीचा म्हणून चालत नव्हता. इथे आपण नोकर म्हणूनसुद्धा जवळ चालत नव्हतो. तिथे पोर्टर हीच काळ्यांची शेवटची पायरी, आणि इथे त्याच पोर्टरच्या पायरीवर चढायला आपल्याला बंदी! वंशभेद कातडीवर दिसतो. जात दिसत नाही, म्हणून ती विचारावी लागते. विचारण्याच्या पद्धती तेवढ्या बदलल्या.

पहिली पद्धत म्हणजे आडनाव. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल ह्या दोन अभ्यासकांनी २००७ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४८०८ अर्ज पाठवले. अर्जदारांची पात्रता तोलामोलाची ठेवली आणि नावे मात्र वेगवेगळी घातली, काही सवर्ण हिंदू, काही दलित, काही मुसलमान. त्याच पात्रतेच्या सवर्ण अर्जदाराच्या मानाने दलित अर्जदाराला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश भरली, मुसलमानाची सुमारे एक-तृतीयांश. अमेरिकेत बोस्टन व शिकागो ह्या शहरांत असाच प्रयोग त्याआधी झाला होता. तिथे गोऱ्यांच्या वळणाच्या नावाला काळ्यांच्या वळणाच्या नावापेक्षा निम्म्याने जास्त बोलावणी आली. अर्ज उघडणाऱ्याने माणूस पाहिलेला नाही, त्याचे काम पाहिलेले नाही, फक्त नाव वाचले. आपल्याकडची मुले ‘आडनाव बदलू का?’ असे विचारतात ती उगीच नव्हे. माझे उत्तर ‘नको’ असे आहे, पण ज्याने बदलले त्याला मी भित्रा म्हणणार नाही.

शिक्षण घेतले की हे सारे संपेल, असे आपण मुलांना सांगतो. मी शिक्षक आहे, मीही सांगतो. पण अर्धेच सांगून भागत नाही. १९१७ साली बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले तेव्हा ते कोलंबिया विद्यापीठाचे एम. ए. होते आणि लंडनलाही शिकून आले होते. तरी कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून टाकत. पुढे १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, तिथेही त्यांनी प्राध्यापकांच्या माठातले पाणी पिण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. पदवीमुळे खुर्ची मिळाली, माठ मिळाला नाही. शिक्षणाने अन्याय आपोआप थांबत नाही. तो ओळखायची नजर येते आणि त्याच्याशी झगडायचे साधन हाती येते, एवढे मुलांना खरे खरे सांगावे.

आजच्या कचेरीत व शाळेत कोणी फायली फेकत नाही. वाटणी मऊ हाताने होते. माझ्या पाहण्यातली एक शाळा सांगतो, नाव महत्त्वाचे नाही. तिथे वर्षाच्या सुरुवातीला कामांची यादी लागते. चौदा एप्रिल आणि सहा डिसेंबर हे दोन कार्यक्रम कोणाकडे, हे यादी न वाचता सांगता येते. खरेदी समिती, परीक्षा विभाग, हिशेब हे कोणाकडे, तेही सांगता येते. जयंतीचे काम आनंदाने करावे, त्यात कमीपणा कसला? पण मुख्याध्यापकपदासाठी अनुभव मोजला जाईल तेव्हा हार घातल्याचा अनुभव मोजला जात नाही, हिशेब ठेवल्याचा मोजला जातो.

आपल्या भगिनींचे तर विचारूच नका. नांदेडात आणि लातुरात बंगल्यांतून काम करणाऱ्या किती तरी बायका आपल्या वस्त्यांतल्या आहेत. फरशी, भांडी, न्हाणीघर ही कामे त्यांना चटकन मिळतात. स्वयंपाकाच्या कामाला पैसे जास्त, पण तिथे बाई ‘आपल्यातली’ हवी असते. २०१७ मध्ये पुण्यात तर स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी जात लपवली म्हणून एका शिकलेल्या घरमालकिणीने पोलिसांत फिर्याद दिली होती. पुढे ती मागे घेतली गेली. त्या स्वयंपाकीण बाई आपल्या समाजाच्याही नव्हत्या. जात एकदा मोजायला घेतली की कोणालाच सोडत नाही.

आता झाडूचा प्रश्न. ह्यावर आपल्यात मतभेद आहेत हे मला ठाऊक आहे. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगार निवृत्त झाला वा वारला तर त्याच्या वारसाला नोकरी देण्याची तरतूद आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये शासनाने ह्या तरतुदी एकत्र करून नवा निर्णयही काढला. हेतू चांगला आहे. ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या गावाची घाण उचलली ते घर उघड्यावर पडू नये. पण बारावी झालेला, पदवीधर झालेला मुलगा बापाच्या जागी उभा राहतो तेव्हा काय घडते? जी वारसाने चालणारी कामे टाकून आपण धम्मात आलो, त्यांतले एक काम कायम पगाराच्या रूपाने पुन्हा दारात येते. आई म्हणते, ‘घे बाबा, सरकारी आहे.’ आईचे चूक नाही. कंत्राटी नोकऱ्यांच्या दिवसांत कायम पगार सोडा, हे सांगणे सोपे असते आणि चूल पेटवणे अवघड. माझे म्हणणे एवढेच की नोकरी घ्यावी, पण झाडू हा आपला वारसा म्हणून घेऊ नये. रुजू झाल्याच्या दिवसापासून खात्याच्या परीक्षा, बदली, बढती, बाहेरून अभ्यास यांचा पाठपुरावा करावा, आणि तिसरी पिढी त्या हजेरीपटावर येणार नाही अशी तजवीज करावी.

आणि जोवर ते काम आहे तोवर ते जीव धोक्यात घालून करू नये. गटारात व सेप्टिक टाकीत माणूस साधनांवाचून उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. अशा मृत्यूला दहा लाख रुपये भरपाई द्यावी असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. ठेकेदार ‘दोन मिनिटांचे काम आहे’ म्हणतो. त्या दोन मिनिटांत माणूस गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. अमेरिकेतील मेंफिस शहरात १९६८ च्या फेब्रुवारीत पाऊस चुकवायला कचऱ्याच्या गाडीत शिरलेले दोन काळे सफाई कामगार यंत्रात चिरडून मेले. त्यानंतर तेराशे कामगार संपावर गेले. त्यांच्या हातातल्या फलकांवर पगाराचा आकडा नव्हता, ‘मी माणूस आहे’ एवढेच लिहिले होते. त्यांना पाठिंबा द्यायला गेले असतानाच मार्टिन ल्यूथर किंग यांचा ४ एप्रिलला तिथे खून झाला.

कामाच्या वाटणीबद्दल धम्म काय सांगतो? उपालीची कथा मुलांना सांगताना आपण ती अर्ध्यावर सोडतो. शाक्य राजकुमार भगवंतांकडे प्रव्रज्येला निघाले, बरोबर त्यांचा न्हावी उपाली होता. राजकुमारांनी अंगावरचे दागिने काढून त्याला दिले आणि घरी जायला सांगितले. उपालीने ते गाठोडे झाडाला टांगले आणि तोही मागोमाग गेला. राजकुमारांनीच भगवंतांना विनंती केली की उपालीला आमच्या आधी दीक्षा द्यावी, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यपणाचा गर्व उतरेल. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असते. पुढचे असे की उपाली संघात विनयाचा सर्वांत मोठा जाणकार झाला, आणि भगवंतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पहिली संगीती भरली तेव्हा विनयासंबंधीच्या प्रश्नांची उत्तरे त्यानेच दिली. न्हावी आहेस तर भिक्षूंची डोकी भादर, एवढ्यावर त्याला कोणी थांबवले नाही. ज्याला नियम उमगतात त्याच्याकडे नियमांचे काम दिले गेले.

सिगालोवाद सुत्तात मालकाने चाकरांशी कसे वागावे हे पाच गोष्टींत सांगितले आहे. त्यात जेवण व वेतन आहे, आजारपणातली शुश्रूषा आहे, गोडधोड वाटून खाणे आहे, वेळेवर सुट्टी आहे. पण सर्वांत पहिली गोष्ट आहे ती म्हणजे ज्याच्या त्याच्या ताकदीप्रमाणे काम नेमून देणे. काम ठरवताना बळ पाहायचे, कूळ पाहायचे नाही. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ ह्या निबंधात जातीवर जो मोठा आक्षेप घेतला तो ह्याच जागी येऊन मिळतो. जात नुसती कामे वाटत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच वेगळे करते व एकावर एक रचते, असे त्यांनी दाखवून दिले.

हीच फूटपट्टी आपल्यालाही लावली पाहिजे. मांग, चांभार समाजातून नव्याने धम्मात आलेली कुटुंबे आपल्या विहारात येतात तेव्हा सतरंज्या कोण घालतो आणि पावती पुस्तक कोणाकडे असते? लग्नात हलगी वाजवायला हक्काने कोणाला हाक जाते? जुने बौद्ध आणि नवे बौद्ध असा भेद आपल्या पंगतीत दिसला, तर कचेरीतल्या माठाबद्दल बोलायला आपले तोंड उरत नाही.

ह्या नव्या कुटुंबांच्या मनात एक भीती असते, ती इथे फेडून टाकतो. ‘धम्म घेतला तर पोराची सवलत जाईल.’ तशी वेळ होती हे खरे आहे. १९५० च्या आदेशात अनुसूचित जातीचा माणूस हिंदू असावा अशी अट होती. १९५६ मध्ये शिखांचा समावेश झाला, बौद्धांचा झाला नाही. महाराष्ट्राने आपल्या राज्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राच्या नोकरीत बौद्ध लिहिणाऱ्याला जागा नव्हती. ज्या बाबासाहेबांच्या मजूरमंत्रिपदाच्या काळात, १९४३ मध्ये, अस्पृश्यांसाठी नोकऱ्यांत ८.३३ टक्के जागा राखल्या गेल्या, त्यांच्याच मार्गाने जाणाऱ्यांना चौतीस वर्षे हा दंड भरावा लागला. १९९० मध्ये कायदा दुरुस्त झाला. तेव्हापासून पूर्वीच्या महाराने बौद्ध लिहिले तरी, मांगाने बौद्ध लिहिले तरी, अनुसूचित जातीचा हक्क जात नाही. दाखल्यावर मूळ जात आणि बौद्ध धर्म, दोन्ही नोंदी असाव्यात एवढे पाहावे. महाराष्ट्रात २००० च्या कायद्याप्रमाणे जात पडताळणीही करावी लागते. तिला १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या रहिवासाचे पुरावे मागतात, आणि आपल्याकडच्या आजोबांचे कागद निजामाच्या अमलातले, उर्दूत असतात. मुलगा दहावीला गेला की हे कागद शोधायला लागावे. मुलाखतीचे पत्र आल्यावर शोधू म्हणणाऱ्यांच्या जागा गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

जन्मावरून काम वाटणे हे आता नुसते वाईट नाही, बेकायदा आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. अनेक राज्यांच्या तुरुंगांच्या नियमांत स्वयंपाक वरच्या जातीच्या कैद्यांना आणि झाडलोट खालच्या जातीच्या कैद्यांना, अशी वाटणी स्वातंत्र्यानंतरही लिहिलेली राहिली होती. न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली आणि त्यासाठी अस्पृश्यता बंदीचे १७ वे व वेठबिगारी बंदीचे २३ वे कलमही आधाराला घेतले. तुरुंगातल्या कैद्याला जो हक्क आहे तो कारखान्यातल्या आणि कचेरीतल्या माणसाला नसेल काय? मेलेले जनावर उचलायला लावणे, प्रेतासाठी खड्डा खणायला लावणे, हाताने मैला काढायला लावणे हे अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीप्रमाणे गुन्हे आहेत.

म्हणून घरातल्या नोकरदाराला इतके शिकवावे. रुजू होताना पदाचे नाव व कामाचे स्वरूप लेखी घ्यावे. त्याबाहेरचे काम पुन्हापुन्हा आपल्याच वाट्याला येऊ लागले तर तारीख, वेळ, सांगणाऱ्याचे नाव आणि त्या दिवशी दुसऱ्यांना दिलेली कामे एका वहीत लिहावीत. रागाच्या भरात तोंडाने बोललेले टिकत नाही, वहीत लिहिलेले टिकते. मग ‘हे काम मला कोणत्या आदेशाने दिले?’ असा साधा, नम्र अर्ज द्यावा. एकट्याने देण्यापेक्षा संघटनेमार्फत दिला तर बरे. सरकारी खाते असेल तर माहितीच्या अधिकारात कामवाटपाची यादी मागता येते, आणि तरीही दाद लागली नाही तर अनुसूचित जाती आयोगाकडे जाता येते. अर्ज दोन प्रतींत न्यावा, एका प्रतीवर पोच घ्यावी, आणि पोचेवर शिक्का व तारीख आहे की नाही ते खिडकीपासून हलण्याआधीच पाहावे.